मधल्या मजल्याची उंची

त्सेंग मास्तरांचा सतरावा फोन लिएन युफाननं उचलला, तिथंच तिचं चुकलं. आधीचे सोळाही तिनं उचलले होते म्हणा, पण सोळा वेळा सोसलेला माणूस सतराव्यांदा काहीतरी भलतंच कबूल करून बसतो.

"युफान, मी बोलतोय."

"बोला सर."

"तिन्ही मजल्यांची उंची तू तीनशे पंधरा सेंटीमीटर धरलीयस."

"हो सर. का, कमी वाटते?"

"कमीजास्तीचा प्रश्न नाही. तीनशे पंधरा काळ्यात येतं."

युफान आर्किटेक्ट होती, दोन मुलांची आई होती, पण इथंच, च्यायी शहरात, वाढलेली असल्यामुळे काळ्यात म्हणजे कशात, हे तिनं विचारलं नाही. आमच्याकडे हार्डवेअरच्या दुकानात टेप मागितली की सेंटीमीटरच्या जोडीला लाल-काळी अक्षरं छापलेलीच टेप मिळते. माप लाल अक्षरावर आलं तर घरात धन, पुण्य, अधिकार. काळ्यावर आलं तर आजार, वियोग, लूट आणि हानी. माणसं दारं, टेबलं, पलंग, सगळं लालावर बसवतात. ज्यांचा विश्वास नाही तेही लालावरच बसवतात. त्सेंग मास्तर या दुसऱ्या प्रकारातले. चौतीस वर्षं शाळेत बीजगणित शिकवलेला माणूस, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणं त्यांना शोभलं नसतं. "माझा विश्वास नाही," ते सगळ्यांना सांगत, "पण म्हणून मुद्दाम काळ्यावर कशाला जायचं?"

"सर," युफान म्हणाली, "एक उंची बदलली की मला अकरा कागद पुन्हा काढावे लागतात."

"सॉफ्टवेअर आपोआप करतं की. मी शिकतोय ना. आठ मंगळवार झाले."

निवृत्तांच्या वर्गात मास्तर घराचे नकाशे काढण्याचं सॉफ्टवेअर शिकत होते, हे युफानला ठाऊक होतं, कारण सतरापैकी पाच फोन त्यातल्या शंकांचे होते. तिनं डोळे मिटले. नववीत याच माणसानं तिला बीजगणितात अडतीस मार्क दिले होते आणि वर शेरा मारला होता: "बुद्धी आहे, चिकाटी नाही." आता ती चिकाटी सतराव्यांदा तिच्या कानाशी आली होती.

"सर, असं करते. फाइलच तुम्हाला पाठवते. फक्त मजल्यांच्या उंच्या बदला. भिंतींना हात लावायचा नाही, खिडक्यांना नाही, जिन्याला नाही. उंच्या ठरल्या की मला द्या, मी तपासून शिक्का मारते."

अशा रीतीनं तीन मजली घर त्सेंग मास्तरांच्या ताब्यात आलं.

घर मास्तरांना स्वतःसाठी नको होतं. जुनं दुमजली घर त्यांना आणि बायकोला, बीयूनला, पुरून उरत होतं. अडचण एकच होती, ती म्हणजे देवघर वरच्या मजल्यावर आणि आई खाली. आईला शहाऐंशी सरलेली, गुडघे दोन्ही गेलेले. दोन वर्षांत ती वर गेली नव्हती. वर क्वानयिन देवीची तसबीर होती, त्सेंगांच्या पूर्वजांची पाटी होती, आणि त्या पाटीवर सगळ्यात शेवटी आलेलं नाव मास्तरांच्या वडिलांचं होतं. रोज सकाळी मास्तर उदबत्ती घेऊन वर जात आणि आई जिन्याच्या पायथ्याशी कठड्याला धरून उभी राहत असे.

"लावलीस?"

"लावली."

"चहा ठेवलास त्यांच्यापुढं?"

"ठेवला."

"कोमट नाही ना? त्यांना कोमट चालत नाही."

मास्तर खाली आले की ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची, जणू वरून काही निरोप यायचा होता. मास्तरांना ते सहन व्हायचं नाही. एकदा त्यांनी देवघर खाली आणू म्हटलं, तर आई कडाडली, "म्हणजे तुझी बायको सपाता घालून माझ्या सासूच्या डोक्यावर फिरणार? मी जिवंत असताना नाही!" देवांच्या डोक्यावर कुणी चालायचं नाही, म्हणून देवघर सगळ्यात वर, हे तिच्या दृष्टीनं चर्चेच्या पलीकडचं होतं. तेव्हा उपाय एकच. जुन्याच्या जागी नवीन घर, तीन मजली, आणि आत लिफ्ट. आईला खाली खोली, मध्ये मास्तर आणि बीयून, वर देवघर. आईनं बटण दाबायचं आणि स्वतःच्या हातानं उदबत्ती लावायची. त्या दिवसापासून मास्तरांनी कंबर कसली ती कसलीच.

पायाभरणीचा मुहूर्तही काढून झाला होता. एकोणीस एप्रिल. तो हुकला तर पुढचा थेट डिसेंबरात, आणि आईच्या वयात आठ महिने म्हणजे काय हे मास्तरांना गणित न मांडताही कळत होतं. त्याच्या आत बांधकाम खात्याची परवानगी हवी, परवानगीसाठी शिक्का हवा, शिक्क्यासाठी उंच्या हव्यात.

आता उंच्यांचा प्रकार थोडक्यात सांगायला हवा, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातनंच झाला. त्या सॉफ्टवेअरमध्ये घर म्हणजे एकावर एक ठेवलेले मजले, आणि मजल्यात पुन्हा लेयर. एका लेयरवर फरशी, एकावर भिंती, एकावर छत. प्रत्येक मजल्याला उंची द्यायची आणि मजल्यातल्या प्रत्येक लेयरलाही आपली उंची द्यायची. खालच्या मजल्याचा आकडा बदलला की वरचं अख्खं घर तक्रार न करता वर सरकतं. इतकं आज्ञाधारक काहीही मास्तरांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

त्यांनी शेजारच्या छ्यू काकांच्या दुकानातून नवी कोरी टेप आणली, चष्मा लावला आणि तीनशे पंधराच्या मागेपुढे बघितलं. तीनशे दहावर लाल अक्षर होतं, आणि अक्षरही कुठलं, तर "धन". मास्तरांनी तिन्ही मजल्यांना तीनशे दहा देऊन टाकलं. धन, धन, धन.

"बीयून, झालं! पाच मिनिटांचं काम होतं. या मुलीनं उगाच बाऊ केला."

"जिना पोचतोय का वर?" बीयूननं भाजी निवडता निवडता विचारलं.

"जिन्याला हात लावायचा नाही असं तिनं सांगितलंय."

"मी हात लावायचं नाही विचारत. पोचतोय का विचारते."

जिना पोचत होता, किंबहुना पाच सेंटीमीटर जास्तच पोचत होता. मास्तरांनी ती युफानची जबाबदारी ठरवली आणि ते लेयरकडे वळले. देवघराच्या फरशीचा लेयर किती उंचीवर? सोपं आहे. तीनशे दहा आणि तीनशे दहा, सहाशे वीस. त्यांनी तिसऱ्या मजल्यातल्या देवघराच्या लेयरला सहाशे वीस भरलं. नकाशा वरून पाहिला, सगळं जागच्या जागी. झेरॉक्सवाल्याकडून कागद छापून आणले, गुंडाळी केली, आणि शिक्का मारण्याआधी खात्यातच एकदा विचारून घेऊ म्हणून निघाले. मोठा माणूस घाईत असला की गुंडाळी उघडून बघत नाही.

गल्लीत पेंग बाईंनी गाठलं. पेंग बाई समोर राहत, आणि त्यांचं घर गल्लीत सगळ्यात उंच, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा आधार होता.

"मास्तर, किती उंच करताय म्हणे?"

"नियमात बसेल तेवढं."

"नाही, तुमचं घर, तुमची हौस. मी कोण बोलणार? पण आमच्या देवघराच्या खिडकीसमोर तुमची पाण्याची टाकी आली, तर आमचे देव रोज सकाळी टाकी बघणार. त्यांनी काय समजायचं?"

"टाकी मागं घेतो."

"मागं तुमचं देवघर. म्हणजे टाकी तुमच्या देवांच्या डोक्यावर! बघा बाई, मी आपली काळजीनं बोलले."

तेवढ्यात छ्यू काका दुकानाच्या दारात आले. "ते सोडा मास्तर. तुम्ही मोजताय कुठून? शून्य कुठं धरलंय?"

"तुमच्या उंबऱ्याशी."

"माझ्या? अहो, माझं दुकान झालं तेव्हा रस्ता हातभर खाली होता. दर निवडणुकीला डांबराचा एक थर चढतो. मागच्या वादळात खिळ्यांची खोकी तरंगत होती माझी! जोतं चांगलं पंचेचाळीस घ्या. पंचेचाळीस लालात येतं, मी बघितलंय."

मास्तरांनी वहीत लिहून घेतलं: जोतं पंचेचाळीस, शून्य विचारणे, टाकी विचारणे. वही बंद करताना त्यांना पहिल्यांदा बारीकशी शंका आली की काम पाच मिनिटांचं नसावं.

बांधकाम खात्याच्या सल्ल्याच्या खिडकीत एक तरुण कारकून होता. थंड चेहऱ्याचा, अतिशय नम्र. असली माणसं धोक्याची असतात. त्यानं गुंडाळी सोडली, पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला, आणि तिसरा बराच वेळ पाहिला.

"काका, हे वर काय आहे?"

"देवघर."

"ते हवेत आहे."

"तिसऱ्या मजल्यावर आहे," मास्तरांनी दुरुस्ती केली.

"तिसरा मजला इथं संपतो." कारकुनानं पेन्सिल टेकवली. "मग तीन मीटर काही नाही. मग एक फरशी, आणि फरशीवर देव्हारा. खांब नाही, भिंत नाही, जिना नाही."

रांगेतली माणसं पुढं सरकून बघू लागली. एक जाडसर कंत्राटदार भक्तिभावानं म्हणाला, "आता देवघर म्हटल्यावर वर असणारच की!"

"आपल्याकडे दहा मीटरपर्यंत परवानगी मिळते," कारकून तितक्याच नम्रपणे म्हणाला. "हे साडेबाराच्या जवळ जातंय. याच्यासाठी बहुतेक विमानतळाला विचारावं लागेल."

रांग हसली. मास्तरांनी चौतीस वर्षं वर्गाला हसताना बघितलं होतं, पण ते कुणाला तरी उभं केल्यावर. स्वतः उभं राहून ऐकायची ही पहिलीच वेळ. तरी मागे न हटता त्यांनी वही काढली आणि विचारलं, "शून्य कुठून धरायचं?"

"रस्त्याच्या कडेपासून, तुमच्या जागेसमोर. जोतं धरून छतापर्यंत दहा मीटर. टाकी त्यात मोजत नाही, पण मधोमध नको."

"आभारी आहे," मास्तर ताठ मानेनं म्हणाले, आणि देवघर काखेत घालून बाहेर पडले.

घरी येऊन युफानला फोन. अठरावा.

"सर, लेयरची उंची त्या मजल्यापासून मोजतात, जमिनीपासून नाही. तिसरा मजला आधीच सहाशे वीसवर होता. त्यात तुम्ही पुन्हा सहाशे वीस घातलेत. तुम्हीच शिकवलंय सर. आधी शून्य कुठं आहे ते ठरवा, मग मोजा."

आपलंच वाक्य आपल्याला परत मिळावं आणि तेही बरोबर असावं, याहून मोठा अपमान शिक्षकाच्या वाट्याला येत नाही. त्यांनी देवघराच्या लेयरला शून्य दिलं. देवघर मुकाट खाली उतरून तिसऱ्या मजल्यावर बसलं.

"बघ आई, हे तुझं देवघर," त्यांनी लॅपटॉप आईपुढं धरला.

आईनं डोळे बारीक केले. "आधी वर होतं ते बरं होतं. कुणाचे पाय लागले नसते."

पण मास्तरांची खरी शोभा व्हायची अजून बाकी होती. दोन दिवसांनी ते स्क्रू आणायला छ्यू काकांकडे गेले. दुकानात पाचसहा गिऱ्हाईकं होती, पेंग बाई बल्ब घेत होत्या. छ्यू काकांनी चौकशी केली आणि मास्तरांनी, खात्यातली हकीकत वगळून, तीनशे दहाचं माहात्म्य सांगितलं. तिन्ही मजले "धन"वर!

"तीनशे दहा?" छ्यू काकांच्या कपाळावर आठी पडली. "तीनशे दहा कसं लाल येईल? दाखवा बघू."

मास्तरांनी काउंटरवरची टेप ओढली आणि बोट ठेवलं. "हे काय. धन."

छ्यू काकांनी बोटाकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं. मग चष्मा काढून ठेवला.

"मास्तर, टेपवर ओळी दोन असतात. वरची जिवंत माणसांच्या घरांची." त्यांचा आवाज उतरला. "ही खालची आहे. खालची ओळ पूर्वजांची. देव्हारा, पूर्वजांची पाटी, आणि थडगं. वरच्या ओळीत तीनशे दहा म्हणजे आजार आहे, काळाकुट्ट."

मास्तरांच्या शेजारचा माणूस किंचित बाजूला सरकला.

"म्हणजे," पेंग बाई सावकाश म्हणाल्या, "मास्तरांनी तीन मजली थडगं काढलं?"

"मापानं तसंच होतं," छ्यू काका म्हणाले.

"लिफ्टसकट?" आणि पेंग बाई बल्बचं खोकं छातीशी धरून अशा काही हसत सुटल्या की बाहेर स्कूटरवाले थांबले. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येकाला कळलं होतं की त्सेंग मास्तर म्हाताऱ्या आईसाठी लिफ्ट असलेलं थडगं बांधतायत. भाजीवालीनं बीयूनला विचारलं, "आजी बऱ्या आहेत ना?" आणि बीयून भाजी न घेताच घरी आली.

"अहो, टेप नीट बघता येत नाही? बीजगणित शिकवलंत ना जन्मभर?"

"अक्षरं बारीक आहेत."

"अक्षरं बारीक नाहीत, तुमची ऐट मोठी आहे. चष्म्याचा नंबर बदला म्हणून तीन वर्षं सांगतेय."

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे नूडल्सचा एक वाडगा घेतला, पण दुसरा नाकारला, आणि त्यांच्या घरात यालाच न जेवणं म्हणत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्म्याचा नंबर बदलला, वरच्या ओळीतले सगळे लाल टप्पे वहीत उतरवून काढले आणि टेबलाशी बसले. हसा लेको, किती हसायचं ते. एकोणीस एप्रिलला बावीस दिवस होते.

आता मास्तर खरे कामाला लागले, आणि आता आकडेच हट्टाला पेटले. लिफ्टच्या कंपनीचं पत्र आलं: सगळ्यात वरच्या मजल्याला निदान तीनशे पंचेचाळीस हवेत, नाहीतर लिफ्टचं डोकं छताला लागेल. मास्तरांनी तीनशे शेहेचाळीस घेतलं. ते वरच्या ओळीतही लाल होतं आणि खालच्या ओळीतही, म्हणजे माणसंही खूश आणि पूर्वजही. खालच्या मजल्याचं युफाननं लिहून कळवलं: "गाडी आत घ्यायची तर तुळई मोठी येणार सर. तीनशे पंधराच्या खाली जाऊ नका." लालातला पहिला चांगला आकडा तीनशे अठरा. जोतं पंचेचाळीस, कारण छ्यू काकांच्या खिळ्यांच्या खोक्यांवर मास्तरांचा विश्वास होता. हजारातून हे सगळं वजा केलं की मधल्या मजल्याला उरत होते दोनशे एक्क्याण्णव.

दोनशे एक्क्याण्णव काळ्यात. अक्षर "हानी".

मास्तरांनी जोतं एकानं कमी केलं, हानी. खालचा मजला एकानं कमी केला, तरी हानी. त्याहून खाली जावं तर जोत्याशी पुराचं पाणी आणि खालच्या मजल्याला काळं अक्षर. दोनशे एकोणनव्वदच्या थोडं पुढून दोनशे पंच्याण्णवच्या अलीकडेपर्यंत सगळा पट्टा काळा होता, आणि त्यांचं घर त्या पट्ट्यात बरोबर मधोमध अडकलं होतं. खाली दोनशे ऐंशी छान लाल होतं. एकोणिसावा फोन.

"दोनशे ऐंशी? सर, तुळईखालून तुम्ही मान वाकवून जाल. मी शिक्का मारणार नाही."

"आणि लिफ्ट न घेता?"

"लिफ्ट न घेता तर काय, तिन्ही मजले आरामात लालात बसतात. पंधरा मिनिटांचं काम. पण मग..." तिला आजी माहीत होत्या. नववीत असताना तिनं त्यांच्या हातचे वाफवलेले पाव खाल्ले होते.

गल्लीचं मत एकमुखी होतं. छ्यू काका म्हणाले, "लिफ्ट सोडा. आजींना पाठुंगळीवर घेऊन जा सणासुदीला. काळ्यात मजला घालणं बरं नाही." पेंग बाई म्हणाल्या, "लिफ्टच्या आवाजानं देव दचकतात, माझ्या बहिणीच्या जावेकडे झालंय." बांधकामाचा मुकादम म्हणाला, "मुहूर्त पुढं ढकला, डिसेंबरपर्यंत काहीतरी सुचेल." मास्तर प्रत्येकाचं ऐकून घेत आणि मान हलवत. घरी आले की जिन्याच्या पायथ्याशी कठड्याला धरून आई उभी असायची, आणि मास्तरांना डिसेंबर फार लांब दिसायचा.

शेवटी एका दुपारी त्यांनी दार लोटून घेतलं, लॅपटॉप उघडला आणि मधल्या मजल्याच्या चौकोनात दोनशे एक्क्याण्णव भरलं. आईचा मजला लालात. देवांचा मजला दोन्ही ओळींत लालात. राहिला आपला मजला, काळा तर काळा. आपला तसाही विश्वास नाही! बटण दाबताना त्यांचं बोट जरासं अडखळलं, हे त्यांनी पुढं कुणापाशी कबूल केलं नाही. घर सरकलं आणि छप्पर दहा मीटरवर येऊन अचूक थांबलं. कागद छापून आणले. या वेळी गुंडाळी उघडून पाहिली.

बीयूनपासून गोष्ट लपवणं एक दिवस जमलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कागद घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. दुसऱ्या हातात शिवणाच्या डब्यातली टेप होती.

"अहो, हा मधला मजला. इथं आपण झोपणार ना?"

"हो."

"वरची ओळच बघितलीय मी. हानी आहे."

"कुठं तरी बसवायलाच हवी होती. खाली आई, वर देव. मग उरलं कोण?"

"मला विचारलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मी नाही म्हटलं नसतं," बीयून म्हणाली. "तेहतीस वर्षं तुमच्याबरोबर राहिलेय, एवढी हानी मला झेपली नसती? पण विचारायचं होतंत. जिन्याला हात लावायचा नाही, म्हणून बायकोलाही विचारायचं नाही!"

कोपऱ्यात आई शेंगा सोलत बसली होती. तिला कमी ऐकू येतं असा घरात समज होता, आणि तिनं तो मोडू दिला नव्हता.

"आहुई," ती मास्तरांना म्हणाली, "कसली हानी?"

"काही नाही आई."

"मला बहिरी समजू नकोस. कुठला मजला?"

मग सांगणं भागच पडलं. मास्तरांनी लिफ्ट, दहा मीटर, लाल, काळं, सगळं सांगितलं. आईनं एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले.

"मधल्या मजल्यावर मी राहीन."

"आई, अगं काय बोलतेस! हानी आहे तिथं!"

"असू दे की. माझी हानी व्हायची काय राहिलीय? नवरा गेला. दात गेले. गुडघे गेले. दोन भाऊ गेले, बहीण गेली, मैत्रिणी तर सगळ्याच. ती हानी येईल, खोलीभर हिंडेल, नेण्यासारखं काही दिसणार नाही, आणि जाईल परत. तुम्ही दोघं खाली राहा. तुमच्यापाशी अजून पुष्कळ आहे."

"लोक काय म्हणतील? आईला काळ्या मजल्यावर ठेवलं म्हणून..."

"लोकांनी थडगं म्हणून झालंय. आता आणखी काय म्हणणार?" तिनं दुसरी शेंग घेतली. "आणि खालून लिफ्टला किती वेळ लागतो वर जायला?"

"अर्धा मिनिट."

"मधून?"

"त्याच्या निम्मा."

"मग झालं तर. मधूनच बरं," आई म्हणाली, आणि विषय संपल्यासारखी शेंगांकडे वळली. बीयून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मास्तरांनी लॅपटॉप उघडला. एकाही उंचीला हात लावावा लागला नाही. फक्त दोन खोल्यांची नावं बदलली.

युफाननं फाइल तपासली, जिना नीट केला आणि शिक्का मारला. खिडकीतल्या कारकुनानं तिसरा कागद पुन्हा बराच वेळ पाहिला. "देवघर खाली आलं का काका?" त्यानं विचारलं. "हो," मास्तर म्हणाले, "विमानतळानं नाही म्हटलं." कारकून पहिल्यांदाच हसला. एकोणीस एप्रिलला पाया घातला गेला. आईला घेऊन ते दोघं वर्षभर मागच्या गल्लीत भाड्यानं राहिले, आणि पुढच्या मेमध्ये घर उभं राहिलं.

गृहप्रवेशाच्या दिवशी पाटी आणि तसबीर वर नेऊन झाल्या, फटाके उडाले, पेंग बाईंनी दोन्ही छपरं मान वर करून ताडून पाहिली आणि कुठलं उंच ते न ठरल्यामुळे केक आणून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आईनं नवा ब्लाउज घातला, केस विंचरले, कडक चहाचा कप आणि उदबत्त्या घेतल्या आणि लिफ्टमध्ये शिरली. मास्तर पाठोपाठ आत जाऊ लागले.

"तू कशाला?"

"बटण..."

"मला दिसतं. सरक बाजूला."

दार लागलं. मास्तर आणि बीयून खाली येऊन नाश्त्याला बसले. आठ वाजले, नऊ वाजले. साडेनऊला मास्तरांनी घड्याळ पाहिलं, दहाला बीयूननं पाहिलं, आणि मग दोघांनी एकदमच चॉपस्टिक खाली ठेवल्या. लिफ्ट वरच थांबलेली होती. मास्तरांनी बटण दाबायचीही वाट पाहिली नाही, साठी उलटलेला माणूस एकेक पायरी गाळत जिना चढला, मागून बीयून, "अहो, सावकाश! अहो!"

देवघराचं दार उघडं होतं. आई देव्हाऱ्यासमोर खुर्ची ओढून बसली होती, हात मांडीवर, पाटीकडे तोंड करून. उदबत्त्या केव्हाच जळून गेल्या होत्या. ती हलकेच, एकसुरात बोलत होती. तिची बहीण कशी गेली, तिच्या अंत्ययात्रेत कोण कोण आलं नव्हतं, धाकट्या मुलाचा कारखाना कसा बंद पडला, डाव्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले. मास्तर धापा टाकत दारात उभे राहिले.

"आई, बरी आहेस ना? तीन तास झाले!"

आईनं मान वळवली. तिला राग आला होता.

"आत्ता कुठं मागच्या वर्षीच्या नवीन वर्षापर्यंत आलेय," ती म्हणाली. "तुम्ही जेवून घ्या. आणि आहुई, जाताना यांचा चहा बदलून आण. माझ्या बोलण्यात गार झाला."